शून्य नाही, एक

ओउलूत दुपारी तीनलाच अंधारून येतं.
खाली सायकलींवर बर्फ साचतोय
आणि मी पडद्यावर एक मेंदू निवडतेय.
निवडतेय म्हणजे, तांदूळ निवडतात तसा:
खडा दिसला की नखानं बाजूला.

इथला खडा एक मिलिमीटरचा ठोकळा,
नाव व्हॉक्सेल,
पोटात फक्त एक आकडा, करडेपणाचा.

दोनशे छप्पन काप.
प्रत्येकावर सॉफ्टवेअरनं लाल रेघ ओढलीय:
इथे मेंदू संपला, असं त्याचं म्हणणं.
कानाच्या वरच्या अंगाला ते हमखास फसतं,
मेंदूवरचं जाड कातडंही मेंदूतच धरतं.
लॅटिनमध्ये त्या कातड्याला म्हणतात कठोर आई.
मी ब्रश सगळ्यात बारीक करते
आणि कठोर आई
ठिपक्या-ठिपक्यानं खरवडून काढते.

हे साइमीनं शिकवलं.
ती आधी कागद गिरणीत, बावीस वर्षं
उजेडाच्या टेबलावर ताव तपासायची.
पांढऱ्यावरचा काळा डाग कुणालाही दिसतो, म्हणायची,
पांढऱ्यातलं पांढरं बघ.
पहिल्या दिवशी खोडल्या जागी मी शून्य भरलं
तर हातावर चापट मारली तिनं, खरीखुरी.
शून्य म्हणजे तिथे कधी काही नव्हतंच.
एक भर.
एक म्हणजे होतं,
आणि कुणा माणसानं बघून काढलं.
मशीन एकाला हात लावत नाही.

निवृत्त झाल्यावर दोनदा आली भेटायला.
मग आली नाही.

आज समोर ०४१७.
चेहरा नाही, तो पुसूनच येतो इथे;
नाकाडोळ्यांच्या जागी कापल्या पावाची सपाट बाजू.
वय अडुसष्ट. स्त्री. डावखुरी.
शेजारी सहा वर्षांपूर्वीचा स्कॅन उघडला,
साइमीनं साफ केलेला. तिचे एक मला ओळखू येतात,
घट्ट धावदोऱ्यासारखे.
आणि काप एकशे त्रेचाळीसवर
कातड्याचा तुकडा तसाच.
सात व्हॉक्सेल.
साइमी सात व्हॉक्सेल विसरेल?

तेव्हा आठवलं, कॉफी पिताना हसत सांगितलेलं:
सुरुवातीला नळीत झोपायला कुणी तयार होईना,
मग मीच झोपले, दोन दालचिनीच्या पावांवर.
कप तिच्या डाव्या हातात होता.

ओउलूत डावखुऱ्या बायका काही कमी नाहीत.
तीनदा सांगितलं मी स्वतःला.

नव्या स्कॅनमध्ये आतली पोकळी रुंदावलीय.
आठवणी आधी जिथे उतरतात म्हणे,
ती वळकटी बारीक झालीय.
हे माझं काम नाही. माझं काम कड.
नावांची यादी कुलपात, किल्ली डॉक्टर युस्सिलांकडे.
मी विचारणार नाही.

तीच जागा, आता एकशे चव्वेचाळीस; मान जराशी वळलेली.
एक. एक. एक.
सहा खोडले, सातव्याशी हात अडला.
मोठं करून पाहिलं, तिन्ही बाजूंनी.
मेंदूचीच होती ती, एक पातळ घडी,
कठोर आईला पाठ टेकून बसलेली.
साइमीनं तेव्हा पाहिलं होतं. राखलं होतं.

कंट्रोल-झेड, सहा वेळा.
सेव्ह.
मशीन आता रात्रभर नवी कड विणत बसेल.

खाली सायकलीची सीट हातमोज्यानं झाडली.
एका कोपऱ्यातला बर्फ निघता निघेना,
तसाच ठेवून वर बसले.