तीन मोजेपर्यंत

आठवडाभर मी दुसऱ्यांची पार्सलं तोलते,
वेंगुर्ल्याच्या पोस्टात, डाव्या हाताच्या खिडकीत.
बडोद्याला आमसुलं, ठाण्याला कुळथाचं पीठ,
कुणाच्या नातवाला जत्रेतलं खाजं.
खाजं वाटेत मोडणार, हे मी सांगत नाही.

शनिवारी ऊन कलल्यावर मी माझं पीठ तोलते.
मैदा एक किलो, मीठ पंचवीस ग्रॅम,
आणि यीस्टच्या जागी भिवा आरोलकराची पहाटेची माडी,
जी दुपारपर्यंत बाटलीचं बूच उडवते.
सुहास म्हणतो, पोस्टातल्या बाईंच्या पिशवीत हे शोभतं?
शोभतं. प्यायलंय पीठ, मी नाही.

पहिली भट्टी शिमग्यात तडकली.
नुसत्या चिऱ्यांची होती ती.
जांभा पावसाला पुरून उरतो, आगीपुढे मात्र
पापडासारखा सुटतो.
दुसरीला आतून कौलांचे तुकडे लावले, वारुळाची माती लिंपली,
आणि सरपण म्हणून सोडणं, करवंट्या, वाळकी चुडतं,
जे जे परसात पडतं ते.

एक रविवार कच्चा.
एक रविवार कोळसा.
एका रविवारी पोळी फळीला चिकटली,
मी हिसका दिला,
तर टोमॅटो आणि चीज आत गेले, पोळी बाहेरच राहिली.
एकदा चीज फ्रिजमध्ये बांगड्यांशेजारी राहिलं होतं.
तो पिझ्झा मांजरानं मात्र मनापासून खाल्ला.
शेजारचा दुर्वेश विचारायचा, तुळस घालतात ना ह्यावर?
अरे, सब्जा. सब्ज्याची पानं. वृंदावनाला हात लावू नकोस.

पास्कू आल्मेडा हे सगळं गडग्यापलीकडून बघत होता.
नऊ वर्षं झाली त्याची बेकरी मिटून;
तिथं आता मोबाइलचे कव्हर लटकतात.
बोलला नाही कधी.
एका रविवारी मात्र गडगा ओलांडून आला,
लुंगी गुडघ्याशी धरून, उजवा हात
सरळ भट्टीच्या तोंडात घातला
आणि ओठ हलवत राहिला.
मला वाटलं, प्रार्थना.
तो मोजत होता.

"तीन," म्हणाला. "पावाक बारा होये.
तुज्या ह्या पिझाक तीन बरे. घाल आता."

मी घातला.
बेळगावच्या ट्रकातले टोमॅटो, हातानं चुरलेले,
ओले काजूगर, चार सोडे, दुर्वेशच्या हट्टाखातर.
कड फुगली, फोड आले, फोडांवर काळे ठिपके,
मी तोंडात बोट घालून उभी, आणि पास्कू म्हणतो, फिरव, फिरव गो.
दीड मिनिट झालं असेल. जास्तीत जास्त दोन.

त्यानं पहिला तुकडा मधला नाही घेतला.
जळकी कड मोडली, कानाशी नेली,
करकर ऐकली,
मग खाल्ली.
बरा झालाय, असं काही म्हणाला नाही.
दुसरी कड मागितली.
सुहासनं तीन पिझ्झे संपवले आणि म्हणाला,
शेवटी काय, भाकरीवर चटणीच की.

आवरताना मी भट्टीच्या तोंडाला पत्रा लावत होते.
पास्कूनं पुन्हा हात आत घातला.
आता बराच वेळ मोजलं.
"इतकी ऊब," म्हणाला, "फुकट घालवतस?"
आणि घरी गेला.

रात्री दहाला परत आला तेव्हा डोक्यावर परात होती,
परातीवर त्याच्या बायकोची जुनी साडी,
साडीखाली चाळीस गोळे, एका मापाचे,
वजनकाट्याशिवाय.

सोमवारी वाडीतल्या आठ घरांनी चहात पाव बुडवला.
मी खिडकी उघडली. नखांत मैदा, मनगटावर चटका.
मातोंडच्या एका बाईंनी पार्सल सरकवलं.
हातात घेतलं आणि बोलून गेले, अडीचशे.
काट्यावर दोनशे अठ्ठेचाळीस भरलं.

दोन ग्रॅम अजून शिकायचेत.