वहीचं शेवटचं पान

हर्णै बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात
एकवीस वर्षं मी लाद्या लिहिते.
कुठल्या होडीला किती, कुणाची उधारी कधीची.
थंडी मला ठाऊक आहे,
अमोनियाच्या वासाची,
सुरमईच्या उघड्या डोळ्यांवर फावड्याने पसरलेली.
दुसरी कुठली असते
हे भाच्याच्या फोनवर कळलं:
एक बाई, माझ्याच अंगाची,
फळीवर आडवी उभी राहून डोंगर उतरत होती
आणि खालचं बर्फ
ना कुणी फोडत होतं, ना मोजत.

त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर,
जिथे मी चुकलेल्या बेरजा दुरुस्त करते,
लिहिलं: गुलमर्ग.

खेड ते जम्मू, जाऊन येऊन, स्लीपर.
पुढे गाडी, सीटवारी.
खोली अशी, की गरम पाण्याचे वेगळे पैसे नकोत.
फळी आणि बूट भाड्याने, रोजावर.
(माझे पाय रुंद. विचारायचं.)
कोट शकूच्या थोरल्याचा,
तो बोटीवर नॉर्वेला गेला होता तेव्हाचा.
बाह्या दुमडल्या की झालं.
हेल्मेट. इथे काटकसर नाही.
हातमोजे कारखान्यातलेच नेणार होते,
पण फोनवरचा माणूस हसला,
‘रबर भिजत नाही, ताई, पण दगड होतं.’
हातमोजे: साडेसहाशे.

फिरदौस तांत्रे त्याचं नाव. शिकवतो.
विचारलं त्याने, ‘बर्फावर कधी उभ्या राहिलात?’
म्हटलं, ‘रोज. चपला काढून.’
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.

मग त्याने दर सांगितले.
एकटीला एक शिक्षक, दिवसाचे दोन तास:
आकडा ऐकून मी पेन खाली ठेवलं.
गटात सात जण, पाच दिवस:
पेन पुन्हा उचललं.
‘फरक काय पडतो?’
‘एकटीला लवकर येतं.’
‘आणि गटात?’
‘गटात दुसऱ्यांना पडताना बघायला मिळतं.’

तिथेच ठरलं.
एकटीने पंधरा वेळा पडायचं
म्हणजे पंधराही माझ्याच खात्यावर.
आजवरची सगळी तशीच आहेत.
सात जणांत पडणं वाटलं जातं,
हिशेबाच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

आगाऊ रक्कम पाठवली.
परत मिळत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं,
बहुधा माझं वय ऐकून.

सेठ म्हणाले, ‘जानेवारीत सुट्टी? ऐन धंद्यात?
आणि बर्फ बघायला?
इथे काय कमी पडलं?’
मी म्हटलं, ‘उतार.’
त्यांनी चष्मा पुसला, सही केली,
बिनपगारी.

ते बिनपगारी मी धरलंच नव्हतं.
रविवारी सोडे विकते, त्याचे आले,
भिशीचा नंबर शकूने मला दिला,
तरी तीन हजार चारशे कमी.
मग कापायला बसले.
जेवण कापवेना. पाचवा दिवस तर नाहीच.
शेवटी अक्रोड कापले.
शाली कापल्या, तिन्ही.
वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी, यंत्र थांबल्यावर,
धक्क्याच्या उतरणीवर चुऱ्याचा ढीग सांडला होता.
खोक्याचं झाकण ठेवलं. आडवी उभी राहिले.
डोलत्या होडीत टोपली घेऊन उभं राहायला
आम्हांला कधी फी पडली नाही,
म्हटलं, तेवढं तरी कामी येईल.
दीड हात गेले.
मग आभाळ, मग कोपर.

नाझीम फावडं धरून बघत होता.
‘काकी, कुणाच्या नावावर लिहू?’
‘माझ्या. एक. दर शून्य.’
साडी झटकली, चप्पल शोधली.
‘जलसम्राट’च्या सत्तर लाद्या बाकी होत्या
आणि भरतीला जेमतेम तास.