बत्तीस अक्षरांची ओळ

पोर्ट टॅल्बट. खिडकीत विझलेल्या भट्टीची धुराडी.
आयर्लिसच्या जेवणाच्या टेबलावर
मी तिसऱ्या रविवारी ड्रॅगन उघडला.
आत धूळ, कोळ्याचं जुनं जाळं,
आणि बोर्डाच्या कोपऱ्यात कथलाचा एक जाडसर थेंब.
"हे ओल्वेनचं काम," ती म्हणाली.
"माझ्या शेजारी बसायची. कथील कधी मोजून वापरलं नाही बाईनं."

प्रिंटरच्या भोकातून नवी वायर काढली.
वायरीच्या टोकाला बोटभर पाटी:
बाहेरची कुलपं ती उघडणार,
चित्रं गाळणार,
याला पचेल तेवढंच भरवणार.

लहान लिपी याला येत नाही.
सगळं जग मोठ्यानं बोलतं हिरव्या पडद्यावर,
आणि बत्तिसाव्या अक्षराला
शब्द मोडून
खालच्या ओळीत पडतो.

दोन वाजता उमटलं काहीतरी.
एकेक अक्षर, तांदूळ निवडल्यासारखं.
कुकीजना संमती आहे का, कुणी विचारलं नाही.

काय शोधू? मी म्हटलं.
वाटलं, कारखान्याचं नाव घेईल.
ओल्वेनचं तरी.
"भरती किती वाजता?
कुत्र्याला किनाऱ्यावर न्यायचंय."

सतरा बेचाळीस.

ती उठली, कोटाच्या खिशात पट्टा शोधू लागली.
माझा हात बटणाकडे गेला.
"राहू दे चालू," दारातून आवाज आला,
"फक्त तासाभराने हात लावून बघ.
डावीकडे तापतो तो. आधीपासूनच."