त्रिकोण

सुर्मेनेच्या जुन्या गोदीमागे,
जिन्याखालच्या खोलीत आमचे सहा पडदे.
कोण किती वेळ बसलं ते मी वहीत लिहिते,
पेन्सिल कानामागे, चहा मंद आचेवर.
मान वर न करताही मला कळतं
कोण हरतंय.

तुन्जाय हरतो.
रोज, एकाच तऱ्हेने.
समोरून एकटा हल्लेखोर येताना दिसला
की याचा अंगठा थेट त्रिकोणावर,
आणि गोलकीपर सुटतो,
घराचं दार सताड टाकून
चोर चोर ओरडत रस्त्यावर धावावं तसा.
चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून जातो.
जाळं हलतं.
सेल्चुक हसतो, तुन्जाय बटणांना शिव्या देतो.

शाबान उस्ता इथे चहाला येतो, खेळायला नाही.
बोटी बांधतो. बाह्यांवर भुसा.
उजव्या हाताची करंगळी
बाकीच्या बोटांशी भांडल्यासारखी बाहेर पाहते.
गावच्या संघाच्या गोलात उभा असायचा,
तेव्हापासूनची ती.
त्या दिवशी सहावा गोल पाहून त्याला राहवलं नाही.
आण इकडे, म्हणाला,
आणि कंट्रोलर धरला
हातातून निसटू पाहणाऱ्या मासोळीसारखा.

"यातलं काय दाबायचं?"
"हा त्रिकोण. दाबला की गोलकीपर पुढे येतो."
"आणि नाही दाबला तर?"
"तर काय, तिथंच राहतो."
"मग राहू दे की बिचाऱ्याला."

बचाववाला घेतला त्याने आधी.
चेंडूवर नाही घातला, वाटेवर उभा केला,
हल्लेखोराला कडेकडेने जायला लावलं
जिथून गोल अरुंद दिसतो.
तीन वेळा सेल्चुक आला.
तिन्ही वेळा उस्ताचा अंगठा
त्रिकोणाच्या वर नुसता तरंगत राहिला,
तवा तापलाय का पाहावं तसा.
दोन चेंडू गोलकीपरच्या अंगावर.
एक खांबावर.

चौथ्या वेळी मात्र दाबला.
गोलकीपर झेपावला, गवतावर आडवा झाला,
आणि चेंडू त्याच्या पोटाशी,
मांजराच्या पिलासारखा.

तुन्जाय उखडला.
"आता कसं चाललं? मी दाबतो तेव्हा गोल होतो!"
उस्ताने ग्लासात खडीसाखर टाकली,
विरघळेपर्यंत ढवळली.
"पाय बघितलास त्याचा? चेंडू जरा पुढे निसटला.
एकदा पायाला लागून पुन्हा लागेपर्यंत
चेंडू कुणाचाच नसतो.
तेवढाच वेळ तुझा.
बाकी सगळा वेळ त्याचा."

मी कुणाचे तरी पैसे लिहीत होते.
आकडा अर्धाच राहिला.

पुढे सामना पेनल्टीवर गेला
आणि उस्ता साफ आपटला.
एकदाही उडी मारली नाही, मधोमध उभा,
चार चेंडू चार कोपऱ्यांत.
"आमच्या वेळी घाबरलेलं पोर मधे मारायचं," म्हणाला.
"हा घाबरतच नाही.
खुर्चीत बसून कोण घाबरतंय?"
चहाचे पैसे ठेवले, करंगळीने दार ढकललं, गेला.

दुसऱ्या दिवशी तुन्जायने सात गोल खाल्ले.
त्रिकोणावरचं चित्र पुसत आलंय.

रात्री शटर अर्धं ओढून
मी एकटीच सरावाला बसले.
एक हल्लेखोर, एक गोलकीपर, रिकामं स्टेडियम.
अजून नाही, अजून नाही, म्हणत
दरवेळी दाबलाच.
अकरा गोल.
बाराव्याला पाय दिसला.
बुटाच्या टोकापासून सुटलेला चेंडू,
मधलं हातभर गवत,
आणि त्यावर कुणाचंच नाव नाही.
इतकं नीट दिसलं
की बघतच बसले,
दाबायचं राहून गेलं.