पांढरा म्हंजे कसा

इंजिन गरम असताना प्लगला पाना लावायचा नाही,
हे बाबांनी शिकवलं तेव्हा मी आठवीत होते
आणि पाचपावलीच्या फाटकाजवळचं आमचं दुकान
म्हणजे एक टिनाचा पत्रा, चार पाने, एक डालड्याचा डबा.
ॲल्युमिनियमचं हेड गरमीत मऊ पडतं,
प्लग आटे सोबत घेऊनच बाहेर येतो.
"थांबता येत नसंल तं शिलाई मशीन शिक," म्हणाले होते.

डब्यात जुने प्लग. फेकायचे नाहीत.
काळा कोरडा: याचं एअर फिल्टर कोंडलेलं.
काळा ओला, चिकट: याचा मालक ऑइल अंदाजाने ओतायचा.
विटकरी: हा सुखी होता, कायले बदलला कोणास ठाऊक.
रविवारी बाबा डबा पोत्यावर उलटा करायचे
आणि एकेक उचलून मला वाचायला लावायचे.
शाळेत बाईंनी विचारलं, घरी वाचतेस का?
मी हो म्हटलं.

आता डोळे गेलेत त्यांचे. साखरेने.
आधी डावा, मग दिवाळीच्या आत उजवा.
तरी दुकान उघडलं की स्टुलावर येऊन बसतात.
मी प्लग काढते, तळहातावर ठेवते.
नखाने खरवडतात, नाकाशी नेतात,
"रिंगा गेल्या," म्हणतात, आणि गेलेल्या असतात.
रस्त्याने जाणारे थांबून बघतात.

काल कवडू ढोमणे आला, रिकाम्या कॅना लटकवून.
एम-एटी चढावर दम टाकते म्हणाला,
कामठी रोडच्या पुलावर तर मेलीच.
ऊन असं की पान्याला फडकं गुंडाळावं लागत होतं.
अर्धा तास गाडी कुलरपुढे उभी केली,
कवडू उन्हात.
मग फुंकर मारून खाचेतली धूळ उडवली,
पाना उलटा, एक कडक आवाज, पुढे बोटांनी.

बाबांनी घेतला. खरवडला. हुंगला.
कोरडा. गुळगुळीत. वास नाही.
"कॉफी," म्हणाले. "चांगला हाय. साफ कर न् लाव."
कवडूने खिशात हात घातला.

पांढरा होता.
टोकाशी एक फोड, नखाला न लागणारा, इतका बारीक.
हाच परत लावला तर आठ दिवसांत
पिस्टनला भोक, आणि दूध डांबरावर.

पलीकडच्या खोलीत हेडाऊंचा उरलेला एक माग चालू होता.
"काऊन वं, चूप काऊन झाली?"
"बाबा, पांढरा आहे."

माग तीन-चारदा वाजला.
त्यांनी प्लग गालाला लावला. का ते कळलं नाही.
कवडू आपल्या कॅनांकडे बघत राहिला.
मग म्हणाले, माझ्याकडे नाही, गाडी जिथे असावी तिकडे तोंड करून,
"कार्बोरेटरमागचं पॅकिंग पाय. हवा खात असंल चोरून."

खात होतं. केसाएवढी चीर.
नवं पॅकिंग कापलं, नवा प्लग पुडीतून काढला,
पट्टी घालून फट पाहिली:
पट्टी सरकली पाहिजे, पण जरा कुरकुरत.
"बोटानं लाव."
"माहीत आहे."
तरी त्यांनी कान दिला होता,
आटा कुठे अडखळतो का ते ऐकायला.
शेवटी पान्याने अर्धा फेरा, वॉशर दबेपर्यंत.
दुसऱ्या किकला उठली.

कवडू गेल्यावर जुना प्लग डब्यात टाकणार
तर त्यांचा हात पुढे.
"पांढरा म्हंजे कसा? चुन्यावानी?"
नाही.
"राखेवानी?"
तेही नाही. मी उन्हात धरून पाहिला.
लहानपणी ते मागाखाली बसून कांड्या भरायचे,
हे मला फक्त ऐकून माहीत.
"खळ दिलेल्या सुतासारखा," म्हटलं. "वाळल्यावर."

अंगठा बोटावर घासला त्यांनी,
हळू, दोनदा, मध्ये काहीच नसताना.
"हां," म्हणाले. "मंग पांढराच होता."