अकरावा शेजारी

एकलहऱ्याची राख आजही कठड्यावर बसली आहे.
बोटानं रेघ ओढली की खाली हिरवा ऑइलपेंट.
आई असती तर फडकं हातात दिलं असतं.

रात्रीचा दीड. जेलरोडवरून शेवटचा टेम्पो गेला.
माझ्या पडद्यावर एक काळा डाग,
नुसत्या डोळ्यांना आकाशाला पडलेलं भोक वाटावं असा.
आत वजा दोनशे साठ अंशांचा वायू, काजळीएवढी धूळ,
आणि तिच्यात नुकतीच पेटलेली पोरं,
वय वर्षं दहा लाख,
म्हणजे नाळ अजून ओलीच.

उजेड धुळीत अडकतो.
ऊब मात्र अंग चोरून बाहेर येते.
मी अवरक्तात बघते,
आणि डाग हळूहळू गजबजतो.

अण्णा उठलेत. पाणी प्यायला, म्हणे.
तेहतीस वर्षं प्रेसमध्ये कागद दिव्यासमोर धरला त्यांनी.
काय दिसायचं ते घरात कधी बोलले नाहीत.
फाटकावर रोज झडती व्हायची,
ती जिभेनंही अंगाला लावून घेतली.

"मोजतेस कसं?"

प्रत्येक ताऱ्यापासून त्याचा अकरावा शेजारी किती लांब ते बघायचं.
जवळ असला तर वस्ती दाट.
मग बाजूचा, ढग नसलेला तुकडा मोजायचा
आणि तेवढे उपरे वजा करायचे.

"उपरा कोण, हे कसं कळतं?"

एकेकाचं नाही कळत, अण्णा.
फक्त आकडा वजा होतो.

ते माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे.
"चांगल्या कागदातही आधी ढगच दिसतो," म्हणाले,
"घाई करायची नाही. डोळा थांबला की आतलं वर येतं."
एवढंच. तेहतीस वर्षांतलं पहिलं वाक्य.

मग बोटं मोडत क्वार्टरची दारं मोजू लागले:
खैरनार, पिंटो, मेहबूब वायरमन,
गांगुर्डे, ती शिवणकामवाली,
दोघे वाघचौरे,
बस्ते, ज्यांच्या फ्रिजमध्ये सगळ्यांचं बर्फ असायचं…
आठवर बोट तसंच उभं राहिलं.

"पुढे काय होतं यांचं?"

मला वाटलं, वाघचौऱ्यांचं विचारतायत.
मी ताऱ्यांचं सांगितलं:
वायू उडून गेला की धरून ठेवणारं काही उरत नाही,
बहुतेक गुच्छ सुटतात,
एकेकटे होऊन आकाशभर.

"हं."
तांब्या तिथंच विसरून गेले.

दोनशे चौदा क्रमांकाचा ठिपका मी आज खोडणार होते.
फिकट आहे, मागचाही असू शकतो.
कर्सर त्याच्यावर नेला, काढून घेतला, पुन्हा नेला.

साडेचारला आतल्या खोलीतून हाक आली,
झोपेतली नव्हे, चांगली खणखणीत:
"सदाशिव बारी! वरच्या मजल्यावर राहायचा.
वरचा धरतात का गं?"

नकाशाला वरखाली कळत नाही, अण्णा.
धरा.