तीन ठसे आणि एक रेघ

थोरा लिंडविग आली तेव्हा दारावरची घंटा वाजली नाही,
थंडीने तिची जीभ गोठली होती.
उणे एकोणीस.
बुटांचा बर्फ तिने पायपुसण्यावर नीट झाडला, घरी झाडतात तसा,
आणि म्हणाली, कायोटीसाठी काडतूस दाखव.
रायफल मागाहून बघू.

एकाहत्तर वर्षांची बाई. उजवा खांदा एकदा निखळलेला,
मेंढीनेच पाडलं होतं तिला, वाड्याच्या फाटकात.
मी काचेवर एकेक उभं केलं,
पितळी अंग, तांब्याची टोपी.

हे दोन-तेवीस. स्वस्त. पेट्रोल पंपावरसुद्धा मिळतं.
धक्का म्हणाल तर कोकराची ढुशी.
अडीचशे यार्डांपर्यंत शब्दाला पक्कं,
पुढचं वारा ठरवणार.

हे दोनशे चार. गोळी सोनाराने तोलावी इतकी हलकी,
वेग असा की डोळा लवायच्या आत पोचलेली.
पण मोंटानाचा वारा मालट्रक आडवे करतो,
तिथे हिची काय कथा.

दोन-त्रेचाळीस वाऱ्याला जुमानत नाही, हरणालाही चालतं.
फक्त कातडं विकायचं असेल तर बघा,
पलीकडून मूठ जाईल एवढं भोक पडतं.

कातड्याला आता भाव कुठाय, ती म्हणाली.

सोळा वर्षं मी हा पाठ म्हणतोय.
पुरुष इथे कोपरं टेकून तासन्‌तास वाद घालतात,
कुणाचा काका, कुठली टेकडी, किती यार्ड,
दर हिवाळ्यात ती टेकडी थोडी लांब सरकते.
थोराने काहीच म्हटलं नाही. हातमोजा काढला,
एका बोटाने काडतुसं जवळ ओढली,
मग विचारलं,
यातलं कुठलं अर्धवट सोडत नाही?

मी गप्प.

परवाच्या ऑक्टोबरात, ती म्हणाली,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून मारली होती मी,
खारींसाठी ठेवलेल्या छोट्या बावीसने. हाताशी तीच होती.
लोळला, उठला, गेला.
शेजारचा गुन्नार म्हणाला, आठवड्यात मरेल.
नाही मेला.
सगळा हिवाळा कुंपणाकडेने माग दिसायचा,
तीन ठसे आणि एक रेघ,
तीन ठसे आणि एक रेघ.

तीन पायांवर ससा सापडत नाही, बाळा.
कोकरू सापडतं.
गेल्या वसंतात अकरा नेली.
गुन्नार म्हणतो, चटावलाय.
चटावला कसला. शिकवणी माझी आहे.

बाहेर कुणाची तरी पिकअप सुरू होत नव्हती,
खोकून खोकून थांबत होती.
मी मागच्या फळीवरून बावीस-अडीचशेची डबी काढली.
नळी लवकर झिजवतं हे, म्हटलं, महागही आहे,
पण तीनशे यार्डांपर्यंत वाऱ्याशी फार बोलत बसत नाही.
फासळीमागे लागलं तर पाऊल टाकायला उरत नाही तो.

आवाज ऐकू येईल त्याला?

नाही. गोळी आधी. आवाज मागून येतो,
तो आपल्यासाठी.

बरं, ती म्हणाली.
उरलेली काडतुसं तिने उभीच्या उभी माझ्याकडे सरकवली,
एकही कलंडू दिलं नाही.

एप्रिलात परत आली. मिठाची लादी हवी होती.
विचारू नये असं ठरवलं होतं, तरी विचारलं.
वीसातली चौदा नेम जुळवण्यात गेली, म्हणाली,
खांदा काळानिळा झाला.
आणि सहा?
पाच आहेत.

लादी मी गाडीत ठेवून दिली. ती चाकामागे बसली,
किल्ली फिरवली, पुन्हा काच खाली केली.
पोरकी कोकरं आहेत चार, म्हणाली, बोंडल्या राहिल्याच.
लाल रबराच्या दे.
भोक मोठं नको.